ऑडिटला पाठवायचे नियम

बाबा,

मुरबाडच्या कचेरीत ऑडिटवाले आले की बाकीचे सगळे त्यांच्या जेवणाच्या मागे असायचे. गावठी कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं साग्रसंगीत. तुम्ही मात्र चहा यायच्या आधी त्या वर्षीचे सगळे नवे नियम त्यांच्या टेबलावर मांडून ठेवायचात. एकदा मी शाळेतून तुमच्याकडे आले होते आणि माझ्यासमोरच साहेब तुमच्यावर खेकसले, "पगार आमचा खाता की ऑडिटचा? मागितलं तर द्यायचं, नाहीतर गप्प बसायचं." तुम्ही खालमानेनं ऐकून घेतलंत. घरी येताना मला म्हणालात, "नियमच दिला नाय तर ते तपासनार काय गो? आपली तोंडं?" मला हसू आलं. थोड्याच दिवसांत तुमची टोकावड्याला बदली झाली आणि एसटीनं जाता-येता तुम्ही खचत गेलात. त्या साहेबांचा मला अजून राग येतो.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात. तुमच्या जागी मला अनुकंपावर घेतलं. आता मी शहापूरला आहे. यंदा वरून आदेशच आलाय, प्रत्येक खात्यानं आपले पैशांचे नियम आपणहून ऑडिटला कळवायचे. ज्याची तुम्हाला शिक्षा झाली, तेच आता माझं काम आहे. वाचताना मला टेबलावरच रडू आलं.

सगळे नियम गोळा केले. त्यात एक नवा आहे, पाड्यावरच्या बायकांची सही असल्याशिवाय पाण्याच्या टँकरचं बिल द्यायचं नाही. आमची बिलं सह्यांशिवायच निघालीत. मध्यंतरी तानसाजवळच्या एका पाड्यावर गेले होते. तलाव हाकेच्या अंतरावर, आणि बाई रिकामा हंडा पुढे करून मला विचारते, "टँकर कदी आला गो बाय? आमी तर नाय बघितला."

काल आमच्या साहेबांनी त्या टँकरच्या नियमाचा तेवढाच कागद बाजूला काढला. हे साहेब तुमच्याच हाताखाली शिकलेले. "हा राहू द्या. त्यांनी मागितला तर बघू," म्हणाले. हा नियम ऑडिटला कळलाच नाही तर आम्हाला कुणी विचारणार नाही, आणि पाड्यावर या उन्हाळ्यातही टँकर येणार नाही. हे सगळं मला कळत होतं. पण लेकीची दहावी आहे, आणि बदली माणसाचं काय करते ते मी आपल्या घरात बघितलंय. मी "बरं, साहेब" म्हटलं. आज गठ्ठा त्या कागदाशिवाय गेला.

साहेब हसले. म्हणाले, "तुम्ही वडिलांसारख्या नाही, समजूतदार आहात." हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून सांगते, बाबा. ते ऐकून मला बरं वाटलं.