लाल टोपण

मंगळवार, १४ ऑक्टोबर. घोडेगाव.

डोकं अजून तापलेलंच आहे. स्टँडवर दहा माणसांदेखत जीपवाला सोपान ओरडला, "भाऊ, तुमची बॅटरी फुसकी निघाली! तळेघरच्या चढाला बोनेटातून धूर. म्हातारी माणसं पायी गेली राव!"

फुसकी? मी बसवलेली? बोनेट उघडलं. पट्टी घट्ट, पाणी बरोबर. पण प्लसच्या टोकावरचं लाल टोपण गायब, आणि बॅटरीला खेटून याचा पाना ठेवलेला. खड्ड्यात गाडी उडाली, पाना उघड्या प्लसला आणि पत्र्याला एकदमच टेकला. मग ठिणगी पडणार नाही तर काय? धूर बघायला हा वाकला तेव्हा बॅटरी फुटली असती, तर ॲसिड याच्याच तोंडावर.

"टोपण कुठंय?"

"दसऱ्याला काढलं व्हतं. हळद-कुंकू लावायला."

टोपण सापडलं डॅशबोर्डवर. त्यात उदबत्त्या खोचलेल्या!

"अक्कलपण त्यातच खोचलीस का रे?" लोक हसले. त्याचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "ते कशासाठी असतं, तुमी कुठं सांगितलं?"

त्यावर आणखी दोन शिव्या हासडल्या. टोपण धुऊन, कोरडं करून परत बसवलं.

सांगितलं होतं का मी? नाही. मला तरी कुणी सांगितलं होतं? मनगटावरच्या या भाजल्याच्या डागानं शिकवलं. म्हणून सोपाननंही तसंच शिकायचं? माझ्यामागं तेव्हा कुणी नव्हतं. त्याच्यामागं नऊ माणसं बसतात.

उद्या स्टँडवर गाठून टोपण कशासाठी ते नीट सांगतो. पण शिव्या देऊनच सांगेन.