धुऱ्याजवळचा हिरवा तुकडा

प्रिय आई,

परवा तुझी तेरवी झाली आणि आज पहिल्यांदा वावरात गेलो. जे पाहिलं ते कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुलाच लिहायला बसलो.

शेंगा भरायच्या आधीच सगळं सोयाबीन पिवळं पडलंय. फक्त धुऱ्याजवळचा, बांधालगतचा खाटेएवढा तुकडा हिरवागार! कुठला तो, ओळखलंस?

सोयाबीन आपल्याकडे नवंच पीक. गेल्या साली वरच्या वावरात चांगलं आलं, म्हणून यंदा पेरणीच्या आदल्या दिवशी तू तिथली दोन टोपली माती डोक्यावर घेऊन आलीस.

"हे माती इकडे फाकजो."

"काऊन?"

"मले काय मालूम? माह्या माहेरी भुईमुगाले असंच करत."

मी पडलो शेतकी शाळेत शिकलेला! सिंदीहून जिवाणूंचं पाकीट आणलेलं. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला लावलं की झालं. तुला हसलो. तू हटेनास, तेव्हा रागानं, माती न पसरता, दोन्ही टोपली तिथंच धुऱ्याजवळ उलटी केली. तू भांडली का नाहीस गं? एरवी चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचीस! पुढं दीड महिन्यात तापानं गेलीस आणि त्यावर बोलणं राहूनच गेलं.

आज झाडं उपटून पाहिली. पिवळ्यांच्या मुळ्या साफ. हिरव्यांच्या मुळ्यांना ज्वारीच्या दाण्यांसारख्या गाठी, नखानं फोडल्या तर आत गुलाबी. हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू या गाठींत राहतात. ते तुझ्या टोपल्यांतून आले? की त्या कोपऱ्यात ओल टिकते म्हणून जगले? मग माझ्या पाकिटातले कुठे गेले? बियाण्याला आधी बुरशीचं औषध मीच चोळलं होतं. त्यानं मेले असतील का?

मातीत कुणी पाचोळा कुजवतं, कुणी स्फुरद मोकळं करतं, कुणी नत्र धरतं, एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. परीक्षेत हे मला तोंडपाठ होतं. वावरात उभा राहिलो तर कोण कुठं राबतंय, कुणाला मी मारलं, काहीच कळत नाही. डोकं नुसतं गरगरतंय, आई.

उद्या शेजारचे तुकारामभाऊ विचारायला येणार आहेत, हरभऱ्याला पाकीट लावू का म्हणून. माझ्या शब्दावर ते पेरणी करतात. त्यांना तुझा तुकडा दाखवीन, माती मी फेकली होती हेही सांगीन. आणि तुला वचन देतो, त्यांच्यासमोर म्हणेन, "मले नाई समजलं." हे ऐकायला तू पाहिजे होतीस गं.

तुझा,
प्रभाकर
हिंगणी