टेबलाखालचा डाव

४ मे

आली! गाडी फाटकाशी नीट थांबायच्या आत दोघं बाहेर. लेक मागून ओरडतेय, चपला घाला — ऐकतंय कोण! नात थेट माझ्या शिलाई मशीनवर, नातू कापडांच्या कपाटात. लेक घोटभर पाणी पिऊन परत गेली. सुट्टीभर ही दोन वादळं आता आमच्या पदरात.

नात नऊ वर्षांची. काही बोललं की त्यात कलम काढते, म्हणून मी तिला वकीलबाई म्हणतो. नातू टिल्लू, पाच वर्षांचा. कुठल्याही खेळात तो कच्चं लिंबू. धावायचं, लपायचं, सगळं करायचं, पण आउट व्हायचं नाही. वकीलबाईंचाच कायदा.

ही खूश आहे. हिवाळ्यातल्या तिच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं.

५ मे

घर आहे की बाजार! टिल्लूने माझ्या खडूने फरशीभर रस्ते आखलेत. मी रेघेवरून चाललो की शिट्टी वाजवून अडवतो. तुमान अल्टर करायला आलेल्या गिऱ्हाइकालाही अडवलं. त्या माणसानेही निमूट वळसा घातला.

७ मे

नवा खेळ काढलाय. माझ्या कापायच्या टेबलाखाली अस्तराचा पडदा सोडून घर केलंय. घरात माणसं म्हणजे माझी रिकामी रिळं! प्रत्येकाला चिंधीचे कपडे. आजोबांच्या रिळाला गळ्यात टेपचा तुकडा. आजीच्या रिळाला फुलाफुलांचं लुगडं. आई, बाबा, ताई, सगळे हजर. टिल्लूच्या रिळाला पिवळा दोरा बांधलाय — ते कच्चं लिंबू, हे कळावं म्हणून.

टिल्लू आजोबांचं रीळ नाचवत म्हणतो, "अगं ए, माझी कात्री कुठाय?" हुबेहूब माझा सूर, लबाडाने! वकीलबाई आजीच्या आवाजात म्हणते, "पिठाच्या डब्यात. आणखी कुठे असणार?" हसून हसून हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

८ मे

सकाळी कात्री सापडेना. अर्धं घर पालथं घातलं. शेवटी पिठाचा डबा उघडला. आतच होती.

दोघांना फैलावर घेतलं. शपथेवर नाही म्हणतात. ही म्हणाली, पिठाची पिशवी कापताना तिच्याच हातून आत पडली असेल. असेलही.

१० मे

हे काही मला बरं वाटत नाही.

काल खेळात गिऱ्हाईक आलं होतं. टिल्लू आजोबांच्या आवाजात विचारत होता, "बँडमास्तर, बाही कशी हो फाटली?" आज सकाळी खरोखरच बँडवाले मास्तर दारात उभे! दोन-तीन वर्षांत इकडे फिरकले नव्हते. हातात लाल कोट, बाही खांद्यापासून उसवलेली. मुलांनी त्यांना जन्मात पाहिलेलं नाही. मीही त्यांच्याविषयी बोललेलो नाही.

हिला सांगितलं. वाटलं, हसेल, टर उडवेल. ती भाजी चिरत राहिली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे आज खेळतात ते उद्या होतं?"

११ मे

कोट पोचवायला गेलो. उन्हाने जीव घाबरा झाला. छातीवर कुणी इस्त्री ठेवावी तसं जड. वाटेत दोनदा पायऱ्यांवर टेकलो. हिला नाही सांगितलं, उगाच घोर लागेल.

परत आलो तर ही टेबलाशेजारी जमिनीवर बसलेली. गुडघ्यांपायी ती कधी खाली बसत नाही. मुलांशी काहीतरी हळू बोलत होती. मला पाहिलं तशी टेबलाला धरून उठली आणि आत गेली. काय खेळलात विचारलं, तर दोघं गप्प. यांना गप्प बसता येतं हे आजच कळलं.

१२ मे

सकाळी अंग हलकं. छातीतलं जडपण गेलं. पण ही उतरलेली दिसली. शिंप्याला माणसाचं तोंड बघावं लागत नाही, खांदे बघितले की पुरे. हिचे खांदे एका दिवसात पडलेत.

दुपारी पडदा बाजूला करून खेळात डोकावलो. आजीचं रीळ आडवं. वर पांढरं अस्तर. टिल्लू आजोबांचं रीळ तिच्याजवळ धरून हाका मारतोय, "अगं, ऊठ ना. ऊठ ना गं." एकदा नाही, सारखं तेच.

वकीलबाई म्हणाली, "आजी आउट. आता आजोबा एकटेच खेळतात."

मी ओरडलो. असला खेळ खेळतात का, म्हणालो. तिने जरा दुखावून माझ्याकडे पाहिलं. "आम्ही ठरवत नाही, आजोबा. डाव येतो तसा खेळतो."

आजचं उद्या होतं. या वयात रांगत टेबलाखाली शिरलो आणि नातीपुढे हात जोडले. म्हटलं, आजीला कच्चं लिंबू करा. कच्चं लिंबू आउट होत नाही ना?

तिने बराच विचार केला. "एका डावात एकच लिंबू. ते टिल्लू आहे."

टिल्लू लगेच उसळला — मी मोठा झालोय, मला नको लिंबू, आजीला द्या! स्वतःच दोरा सोडवायला बसला. गाठ सुटेना, तेव्हा मीच कात्रीने कापली आणि आजीचं रीळ उभं करून दोरा त्याला बांधला.

ही जगायला हवी, एवढंच डोक्यात होतं.

१३ मे

माझ्या आधी उठली! आंघोळ, पूजा नाही काही नाही, आधी मुलांची धिरडी करते म्हणाली, खांदे ताठ, आवाज खणखणीत. मला म्हणाली, "अहो, असे बघत काय बसलात? चष्मा डोळ्यांवरच आहे ना?" जीव भांड्यात पडला. रिळांच्या खेळाला घाबरलो मी! म्हातारा चळलाय, दुसरं काय!

१४ मे

टिल्लूला ताप. पहाटेपासून फणफणलाय. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा असेल. औषध दिलं, तरी उतरत नाही. लेकीला फोन केला. उद्या सकाळी पोचते. ही त्याच्या कपाळावर घड्या ठेवतेय आणि सारखी माझ्याकडे बघतेय.

वकीलबाईला गाठलं. काल काय खेळलात?

"टिल्लू आजारी पडला."

आणि आज?

"आजचा डाव अजून यायचाय."

त्याच दिवशी, दुपार

पडद्याआड पुन्हा शिरलो. टिल्लूच्या रिळावरून वकीलबाईने बोट फिरवलं. मी आजोबांचं रीळ उचललं आणि म्हटलं, टिल्लूच्या बदली याला आडवं कर. मनापासून म्हटलं. भीतीसुद्धा वाटली नाही.

तिने मान हलवली. "तुम्ही नाही चालणार. तुम्हाला एकदा सोडवलंय. सोडवलेला परत आउट होत नाही."

कुणी सोडवलं? कधी? मी विचारत राहिलो. "ते सांगायचं नाही. मी वचन दिलंय," म्हणाली.

पलीकडच्या खोलीत टिल्लू तापात बडबडत होता. आता एकच वाट उरली होती. म्हटलं, लिंबू टिल्लूला परत दे.

"मग आजी?"

मी मान खाली घातली.

"तोंडाने सांगावं लागतं, आजोबा. नियम आहे."

सांगितलं. जिच्यासोबत उभा जन्म काढला, तिच्याविषयी ते शब्द माझ्याच तोंडून निघाले. वकीलबाईने आजीच्या रिळाचा दोरा सोडून टिल्लूच्या रिळाला बांधला. मग आजीला अलगद आडवं केलं आणि वर अस्तर ओढलं. मला तिथे थांबवेना.

संध्याकाळी टिल्लूने खायला मागितलं. ताप पार उतरला. हिने त्याला मांडीवर घेऊन भरवलं. मी बाहेर पायरीवर बसून रडलो. ती मागून येऊन उभी राहिली, पाठीवर हात ठेवला. कशासाठी रडतोय ते विचारलं नाही.

१५ मे

लेक आली. मुलांना आजच घेऊन गेली. निघताना हिने दोघांना उराशी धरलं, सोडवेना. गाडी हलल्यावर मला म्हणाली, "जरा पडते हं."

वकीलबाईने गाडीत बसण्याआधी मला वाकायला लावलं होतं. कानात म्हणाली, "आजीला सांगू नका मी सांगितलं ते. त्या दिवशी तुम्ही कोट द्यायला गेलात ना, तेव्हा आडवे तुम्हीच होता. आजी खाली बसली आणि म्हणाली — त्यांना सोडव, त्यांच्या जागी मी."

ही अजून उठलेली नाही. मला आत जायचं आहे. पाय उचलत नाहीत.