तेवढं मॅनेज करा

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच. लॉन्ड्रीत आणखी एका हॉस्पिटलच्या चादरी येणार, आणि माणसं आहेत तेवढीच. मी विचारलं, "साहेब, दोघींनी चौघींचं काम करायचं कसं?" मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "करा ना मॅनेज." झालं! मिटला विषय.

घरी येते तर हे म्हणतात, गॅस संपलाय, आजच्या दिवस मॅनेज कर. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही, पण हा शब्द त्यांनाही येतो.

७ मार्च

धाकट्या जाऊला या कामाला मीच लावलं. सासूबाई कुरकुरत होत्या, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "मी आहे ना बरोबर." आता इस्त्रीच्या रोलरवर आम्ही दोघी. ओल्या चादरीचं एकेक टोक धरायचं, ताणायचं आणि तापलेल्या रोलरखाली सारायचं. बोटांच्या पुढे एक आडवी दांडी असते. तिला हात लागला की रोलर जागच्या जागी थांबतो. पण आता तिचं बिनसलंय — चादर नुसती घासली तरी मशीन बंद.

धाकटी म्हणते, "ताई, हिचं आपल्या सासूबाईंसारखं आहे. जरा धक्का लागला की रुसल्या." हसून हसून पोट दुखलं.

११ मार्च

मशीन थांबून थांबून चादरींचा ढीग साचला. साहेब आले, ढीग पाहिला. "दुरुस्तीवाला पुढच्या महिन्यात येईल. तोवर दांडी वर बांधून टाका. मॅनेज करा."

फाटक्या अभ्र्याची चिंधी काढली आणि मी दांडी वर बांधली. चांगली आवळून गाठ मारली. काम भराभर उरकलं. साहेब शाब्बास म्हणाले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

१२ मार्च

या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, चादरी सारताना डोक्यात तेच. भागवणं? भागवताना कमी पडतंय हे निदान कबूल असतं. निभावणं? त्यात जीव लावलेला असतो. जुळवून घेणं? त्याला समोर दुसरं माणूस लागतं. मॅनेजमध्ये सांगणारा सांगून निघून जातो, करणारीनं बघून घ्यायचं.

धाकटीला हे ऐकवलं. म्हणाली, "ताई, डोकं नंतर चालवा, चादर तिरकी जातेय."

१८ मार्च

धाकटीला रात्रभर ताप होता, तरी आली. उभ्या उभ्या पेंगत होती. मी म्हटलं, गाठ सोडते आजच्या दिवस. "नको ताई, मग घरी जायला उशीर होईल." सोडली नाही.

२० मार्च

धाकटीचा उजवा हात रोलरमध्ये गेला.

२१ मार्च

चादरीला चुणी पडली होती. ती सरळ करायला तिनं हात पुढे केला, एवढंच. दांडी खाली असती तर थांबलं असतं मशीन. लाल बटण माझ्या बाजूला — मी दाबलं, लगेच दाबलं. तरी उशीर झाला.

चार बोटं गेली. अंगठा राहिलाय, डॉक्टर म्हणाले. चांगली बातमी सांगावी तसे म्हणाले.

सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ मार्च

साहेब घरी आले. हातात फळांची पिशवी. "चौकशीवाले येतील. गाठ तिनंच मारली म्हणा. तिचा हात तर गेलाच आहे, तुमची नोकरी तरी राहील. तेवढं मॅनेज करा."

हे मान खाली घालून ऐकत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, "तुझंही काम सुटलं तर घर कसं चालायचं?" मी पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली.

ठरलं माझं. गाठ माझी, हुकूम साहेबांचा. दोन्ही सांगणार. नोकरी जायची तर जाऊ दे. भीती वाटते, पण आज पहिल्यांदा घास गिळला.

२८ मार्च

मी वॉर्डात पोचले तेव्हा चौकशीवाले कागद बॅगेत भरत होते. म्हटलं, मला काही सांगायचंय. "झालं बाई, पेशंटनं स्वतःच सगळं सांगितलंय," असं म्हणून निघाले.

धाकटीनं डावा हात माझ्या हातावर ठेवला. "मीच बांधली म्हणून सांगितलं, ताई. तुमची नोकरी राहू दे. केलं मी मॅनेज."

चौकशीवाले अजून जिन्यातच होते, बोलणं ऐकू येत होतं. मी त्यांना हाक मारली नाही.