निळ्या शेपटीच्या जनावराचा दाखला

मी, पुंजाजी किसन इंगोले, वय ७१, पूर्वी गुरांच्या बाजारात दाखले लिहिणारा, राहणार जऊळका, ता. मालेगाव, जि. वाशीम, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. मुलीचे मत वेगळे आहे. ते येथे विचारात घेतलेले नाही.

१. घर, परसातले लिंबाचे झाड व बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी ज्योत्स्ना हिला. झाडावर जावयाचा डोळा आहे. ते तोडू नये.

२. लाकडी पेटी व शाईचा पेन माझ्यामागून दाखले लिहिणारे पंजाबराव काळबांडे यांना. अक्षर सुधारावे.

३. आता मोबाइल. डॉक्टरांनी चालायला सांगितले, म्हणून ज्योत्स्नाने त्यात चालत जाऊन प्राणी पकडायचा गेम टाकून दिला. पकडलेल्या प्राण्याखाली गाव आणि तारीख येते. शेजारी उभ्या असलेल्या मित्राशी प्राण्याची अदलाबदल करता येते. माझ्याकडे चारशे सहा आहेत, एक सोडून सगळे पायांनी चालून मिळवलेले. सायकल दुरुस्तीवाले बाबूलाल राठोड यांच्याशी दर रविवारी स्टेशनच्या बाकावर माझा व्यवहार होई. नियम बाजारातलाच: जनावर कुठले, ते आधी सांगायचे.

४. गेल्या दिवाळीत बाबूलालने मला निळ्या शेपटीचे जनावर दिले. दोन वर्षे मी ते शोधत होतो. खाली गाव ब्राझीलमधले. बाबूलाल नागपूरच्या पुढे गेलेला नाही.

"हे कुठून आणलं बे?"

"तुले काय करायचं? पायजे होतं नं तुले?"

"फोनले खोटं गाव सांगून पकडलं तुनं."

मी घरी येऊन खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिले, 'चोरीचे जनावर.' तो ग्रुप सोडून गेला. पुढे त्याची बायको बेबीबाई बाजारात भेटली. म्हणाली, "शुगरनं पाय अर्धा कापला त्याहीचा, दसऱ्याच्या आधीच. तुमाले सांगू नको म्हनत." जनावर दिले त्या रविवारी तो ऑटोने आला होता आणि बाकावरून उठला नव्हता. मी जनावराचे गाव तपासले, देणाऱ्याचा पाय पाहिला नाही. त्यानंतर दोनदा त्याच्या दारापर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो. याची मला लाज वाटते.

५. ग्रुपने सांगूनही ते जनावर मी सोडून दिलेले नाही. एकदा बदललेले जनावर पुन्हा बदलता येत नाही. म्हणून मोबाइल, खाते व सगळी जनावरे बाबूलालला. खाते दुसऱ्याला देऊ नये, असा गेमचा नियम आहे. तो मी वाचला आहे. तरी देतो. ज्योत्स्नाने महिन्यातून एका रविवारी त्याला ऑटोने त्या बाकावर न्यावे.

६. बाजारात कागद नसलेले जनावर विकायचे तर विकणाऱ्यासाठी कोणालातरी ओळखदार म्हणून सही करावी लागे. ओळखदार नाही म्हणून एकतीस वर्षांत मी कित्येकांना परत पाठवले. स्वतः त्या रकान्यात कोणासाठीही सही केली नाही. म्हणून खाली एक सही जादा आहे.

साक्षीदार: १. हरिसिंग पवार  २. नानाजी खडसे
ठिकाण: जऊळका. दिनांक: १४ जुलै २०२५
लिहून ठेवणार: पुंजाजी किसन इंगोले

ओळखदार, निळ्या शेपटीच्या जनावराकरिता: देणारा माझ्या ओळखीचा आहे.
सही: पुंजाजी किसन इंगोले