तिसऱ्या खाटेवरची कालियोपी

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
आय्या फोतिनी परिचारिका विद्यालय,
पिरेयस.

विषय : औषध देण्याच्या प्रात्यक्षिकात मला अनुत्तीर्ण ठरवल्याबाबत फेरविचार होणेबाबत, तसेच फेरपरीक्षा बेटावरच घेतली जाणेबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाचे निकालपत्र (जे प्रथम माझ्या चुलत बहिणीस मिळाले).

महोदय,

१. उपरोक्त विषयी अर्ज लिहिण्यास बसले तेव्हा गावात दुपारच्या झोपेची सामसूम होती. पहिली ओळ लिहिते न लिहिते तोच स्वयंपाकघरात बशीवर चमचा वाजला. माझी मुलगी स्तामातिया, वय वर्षे पाच, हिला मी नुकतीच थोपटून आले होते. ती झोपलेली नाही, हे त्यावरून सिद्ध होते. कळवण्याचे कारण इतकेच की सदर अर्जात कुठे वाक्य मध्येच तुटलेले दिसल्यास तो आपल्या कार्यालयाचा अनादर समजू नये.

२. मी आपल्या विद्यालयाची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून माझे प्रात्यक्षिक पेत्रोनिसी बेटावरील आरोग्य केंद्रात झाले. परीक्षक श्रीमती एव्तेर्पी ग्रामातिकू या तेथील ज्येष्ठ सिस्टर व आमच्याच गावच्या. लहानपणी मला पहिली लस त्यांनीच टोचली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, हे आरंभीच नमूद करते. मला दिलेले काम असे होते : तिसऱ्या खाटेवरील कालियोपी सामारा यांना दुपारच्या जेवणाआधीचे इन्सुलिन देणे.

३. इथे आपणास एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्याच खोलीत चौथ्या खाटेवरही कालियोपी सामारा होत्या. आमच्याकडे मुलाच्या पहिल्या मुलीला त्याच्या आईचे नाव ठेवतात. दोन भाऊ असले, दोघांना मुली झाल्या, की एका आजीच्या दोन नाती एकाच नावाआडनावाच्या होतात, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. या दोघी तशाच, सख्ख्या चुलत बहिणी; आणि कागदावर लग्नानंतरही आडनाव बापाचेच राहते. गावात एकीला लिंबवाली म्हणतात, कारण दारात लिंबाचे झाड. दुसरीला चक्कीवाली, कारण घराशेजारी जुनी पवनचक्की. दोघींना मी डोळे मिटून, नुसत्या खोकल्यावरून ओळखते. परंतु केंद्राच्या कागदावर लिंबही नाही आणि चक्कीही नाही. तिथे लिहिले होते की साखरेचा आजार यान्निस यांच्या मुलीला आणि हृदयाच्या गोळ्या मिखालिस यांच्या मुलीला. आता लिंबवालीचा बाप यान्निस की मिखालिस, हे मला माहीत नव्हते. आमच्या बेटावर असे कोणी विचारत नाही. इथे माणसे ओळखीची असतात, त्यांची ओळख पटवायची नसते.

४. त्यातून या दोघी खाटा बदलतात. तिसऱ्या खाटेच्या खिडकीतून बंदर दिसते म्हणून सकाळी एक तिथे झोपते, दुपारी दुसरी. कोणाची पाळी कधी, यावर त्यांचे रोज भांडण होते. मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा तिसऱ्या खाटेवर लिंबवाली होत्या. मी नियमाप्रमाणे त्यांच्या मनगटावरची नावाची पट्टी पाहू गेले, तर मनगट उघडे. चौथ्या खाटेवरचेही उघडे. दोघींनी आपापल्या पट्ट्या काढून, संत पांतेलेइमोन आजार बरे करतो म्हणून, त्याच्या भिंतीवरच्या तसबिरीला नवसाच्या बांधल्या होत्या. तिथे लोक चांदीचे हात, पाय, डोळे बांधतात. यांच्याकडे चांदी नव्हती, पट्टी होती. मी विचारले, ''मावशी, यातली तुमची कुठली?'' तर चक्कीवाली म्हणाल्या, ''अगं, संताला ठाऊक आहे ना! तुला कशाला हवंय?''

५. विद्यालयात शिकवल्याप्रमाणे मी पूर्ण नाव विचारले. दोघींनी एकच सांगितले, तेही एकदम. जन्मतारीख विचारली. आमच्याकडे नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, साजरा होतो, वाढदिवस नव्हे. दोघींचा नामदिन अर्थातच एक. कागदावर दोघींची जन्मतारीख एक जानेवारी आहे, कारण त्या काळी नोंदणीचा कारकून बोटीने वर्षातून एकदा यायचा आणि त्या वर्षीची सगळी पोरे एकाच तारखेला जन्माला घालून परत जायचा. शेवटी मी वडिलांचे नाव विचारले. लिंबवाली म्हणाल्या, ''कॅप्टन.'' मी म्हटले, ''मावशी, नाव.'' त्या म्हणाल्या, ''अगं, सगळा गाव कॅप्टनच म्हणायचा. आई पण कॅप्टनच म्हणायची. मी बापाला नावानं हाक मारणार होते का?'' त्यावर शेजारच्या खाटेवरून आवाज आला, ''माझे पण कॅप्टनच होते हं! आणि तुझ्या बापापेक्षा मोठ्या बोटीवर!'' यानंतर बोटींच्या आकाराबाबत जे बोलणे झाले ते विषयाशी संबंधित नसल्याने इथे देत नाही.

६. रक्तातली साखर तपासून का पाहिली नाही, असे आपण म्हणाल. पाहिली. दोघींचीही वाढलेली निघाली. त्यांना भेटायला येणाऱ्यांना मला थांबवता आले असते तर थांबवले असते. परंतु सकाळीच पाद्रीबाबांच्या पत्नी येऊन दोघींना लिंबाच्या फुलांच्या मुरंब्याचा चमचा चमचा भरवून गेल्या होत्या. आणि तसेही, महोदय, साखरेचा आकडा म्हणजे ओळखपत्र नव्हे.

७. या वेळी श्रीमती ग्रामातिकू दारातून म्हणाल्या, ''आरेती, ही आपली लिंबवाली आहे. तिला साखर आहे, अख्ख्या बेटाला माहीत आहे. टोच आणि मोकळी हो.'' त्यांच्या बोलण्यावर माझा अविश्वास नव्हता. परंतु अख्ख्या बेटाला हेही माहीत होते की गेल्या वर्षी चक्कीवालीला चक्कर आली तेव्हा ती साखरेमुळेच आली, असे सांगितले गेले होते. साखर नसलेल्या माणसाला जेवणाआधी ते इन्सुलिन टोचले, तर साखर घसरत घसरत माणूस ताटावरच कोसळतो. मी सुई टोपणात घातली आणि म्हटले, ''सिस्टर, कागदावरचा बाप कळल्याशिवाय मी टोचणार नाही.'' माझे हात थरथरत होते, हे श्रीमती ग्रामातिकू यांनी शेऱ्यात लिहिले आहे. ते खरे आहे.

८. नंतर लिंबवालींच्या मुलाला दूरध्वनी लावला. ते जहाजावर असतात. वारा होता, आवाज तुटत होता. ते मोठ्याने ओरडले, ''यान्निस! आजोबा यान्निस! काय झालं, आई गेली का?'' त्यांना धीर देण्यात आणखी वेळ गेला. म्हणजे तिसऱ्या खाटेवर होत्या त्याच बरोबर होत्या. श्रीमती ग्रामातिकू यांचे म्हणणे खरे निघाले. मी इन्सुलिन दिले, तोवर सूप निवून त्यावर साय धरली होती, आणि लिंबवाली मावशी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, ''तुझ्या आईची दुपटी मी धुतली आहेत गं. आणि तू मला विचारतेस, तू कोण?''

महोदय, हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. घरी येऊन पोळपाटावर पीठ घेतले आणि तसेच सोडून दिले.

९. निकालपत्रातील कारणे अशी : औषधाची योग्य वेळ पाळली नाही, रुग्णाचे मन दुखावले, अनावश्यक शंका घेतली. पहिली दोन मला मान्य आहेत. मी मावशींची माफीही मागितली. त्यांनी ती दिली नाही, पण लिंबे दिली. तिसऱ्या कारणाबाबत मात्र नम्र निवेदन असे की शंका अनावश्यक होती हे उत्तर मिळाल्यावर कळते, उत्तर मिळण्याआधी कळत नाही. आपल्याच पाठ्यपुस्तकात योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ असे पाच नियम दिले आहेत. त्यात रुग्ण पहिला आहे आणि वेळ शेवटची. मी शेवटचा नियम मोडला तो पहिला पाळण्यासाठी. पाचही सारख्याच वजनाचे असतील, तर एक पाळताना दुसरा मोडत असल्यास विद्यार्थिनीने काय करावे, हे कृपया कळवावे. मी खरोखर विचारते आहे. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळते.

१०. आता निकालपत्राबाबत. ते आरेती व्रोन्दू, पेत्रोनिसी, एवढ्याच पत्त्यावर आले. या नावाच्या आम्ही दोघी आहोत. दुसरी माझी चुलत बहीण, वरच्या आळीत तिची बेकरी आहे. पोस्टमनने पत्र तिला दिले, कारण तिचे दुकान वाटेवर पडते. तिने ते उघडले, वाचले, आणि भट्टीतली पहिली खेप करपेपर्यंत रडत बसली. बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी पिठाच्या हातांनीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, ''बाई गं, मी नर्स झाले कधी? आणि नापास कशी झाले?'' मग पत्र नीट वाचून म्हणाली, ''अय्या, म्हणजे तू!'' आणि पुन्हा रडू लागली. मी समजूत घातली. परंतु तिने ते पत्र आधी चार ठिकाणी दाखवून, सणाच्या दिवसांत कपाटात ठेवून मग आणले असल्याने हरकत नोंदवण्याची आपली मुदत उलटून गेली होती. आपल्या विभागाविषयी मनात राग नाही. परंतु योग्य व्यक्ती चुकली आणि योग्य वेळही चुकली, हे नम्रपणे आपल्या नजरेस आणून देते. लिफाफ्यावर वडिलांचे नाव असते, तर बेकरीतल्या पावांचे आणि माझे, दोघांचेही नुकसान टळले असते.

११. नियमानुसार फेरपरीक्षा पिरेयसलाच होते, त्याआधी पूर्ण हिवाळी सत्र तिथल्या वसतिगृहात राहून काढावे लागते, आणि वसतिगृहात मुले चालत नाहीत. माझे पती निकितास कुत्सोस मालवाहू जहाजावर असून ईस्टरपर्यंत परत येणार नाहीत. मुलीला सासूबाईंकडे ठेवावे लागेल. सासूबाई प्रेमळ आहेत, त्यांच्या हातचे खाऊनच स्तामातिया एवढी झाली. परंतु त्यांच्या दोन्ही मुलांनी आपापल्या मुलीचे नाव आईचेच ठेवले असल्याने त्यांच्या घरात स्तामातिया कुत्सू (कुत्सोसचे मुलींच्या नावात कुत्सू होते) दोन आहेत. गेल्या हिवाळ्यात दिराच्या मुलीला डॉक्टरांनी खोकल्याचे औषध दिले. ते सासूबाईंनी माझ्या मुलीला पाजले. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठेना. मी गालांवर पाणी मारत होते, छातीला कान लावून बसले होते. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, ''अगं, बाटलीवर नाव होतं ना! स्तामातियाच लिहिलं होतं!'' त्यांचे चुकले, असे मला म्हणता आले नाही. नाव खरेच होते.

परीक्षेच्या दिवशी सुई हातात असताना मला ती बाटली दिसत होती. शेऱ्यातल्या थरथरीचे कारण तेच. परीक्षकांना हे सांगितले नव्हते, कारण प्रात्यक्षिकाच्या वेळी घरचे सांगत नाहीत.

१२. सबब विनंती की :
मुदतीनंतर आलेला हा अर्ज ग्राह्य धरावा. फेरपरीक्षा पेत्रोनिसी आरोग्य केंद्रातच घ्यावी. परीक्षक श्रीमती ग्रामातिकूच असाव्यात, आणि शक्य असल्यास त्याच दोन खाटा. ते अशक्य असेल तर मला निदान एवढी परवानगी मिळावी, की हिवाळ्यात मुलीला वसतिगृहात माझ्या खाटेवर माझ्याशेजारी झोपवता यावे. ती रात्री रडत नाही, फक्त पाय मारते. आणि यातले काहीच जमणार नसल्यास, आपल्या सर्व केंद्रांतील पट्ट्यांवर वडिलांचे नाव ठळक लिहावे, आणि ती पट्टी संताला बांधण्याआधी तिथल्या सिस्टरना विचारावे, असा आदेश तरी काढावा. तेवढे झाले, तर माझे वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही. रडेन, पण म्हणणार नाही.

आपल्या उत्तरासाठी रोज बोटीच्या वेळी धक्क्यावर येणारी,
आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
आरेती व्रोन्दू, वडिलांचे नाव पांतेलिस
(बेकरीवाली नव्हे)
पेत्रोनिसी, ११ सप्टेंबर

सोबत : निकालपत्र, पिठाच्या बोटांच्या ठशांसह, लिंबवालींच्या मुलाचे सही केलेले निवेदन, लिंबवाली मावशींनी दिलेल्या लिंबांपैकी एक.

ता. क. : अर्ज बंद करायला आत गेले, तर स्तामातिया फरशीवर बसून दोन बाहुल्यांना चमच्याने पाणी पाजत होती. दोघींचे नाव तिने स्तामातियाच ठेवले आहे. पाजण्याआधी प्रत्येकीला, मी तिला शिकवलेले नसताना, ती विचारत होती, ''तुझ्या बाबांचं नाव काय?'' मग माझ्याकडे वर बघून तिने मलाही एक प्रश्न विचारला. तो जसाच्या तसा आपणाकडे पाठवत आहे : ''आई, तू बोटीनं गेलीस आणि मी आजारी पडले, तर दोघींतली मी कुठली, ते कोण विचारणार?''