हासिंताला काहीच नाही

मी, कासिमिरा तेहेरिना, कै. आन्सेल्मो ओर्दोन्येस यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार सान लोरेन्सो, तारिहा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून गळ घातलेली नाही. यापुढे "माझी बुद्धी शाबूत आहे" असं वाक्य घाला, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. ते मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी एवढंच लिहिते की आज सकाळी ती शाबूत आहे असं मला वाटतं. त्याबद्दलचं बाकीचं पुढे येईल.

कलम १. राहतं घर आणि मागचा द्राक्षांचा तुकडा माझा एकुलता मुलगा रेने याला. कायद्याने तो त्याचाच आहे, त्यामुळे मी दिला म्हणण्यात फारसा अर्थ नाही, तरी दिला. विकायचा असेल तर विकावा. मात्र मोयेच्या झाडावर चढवलेला जुना वेल, घेणाऱ्याने कितीही कुरकुर केली तरी, तोडू देऊ नये. तो त्याच्या वडिलांनी लावलेला आहे आणि त्याला अजून द्राक्षं धरतात.

रेने इथून दिवसभराच्या वाटेवर, सांताक्रूझ शहरात ट्रक चालवतो. दर रविवारी फोन करतो. "आई, तिकडे एकटी काय करतेस? इकडे ये. बिल्डिंगला लिफ्ट आहे." लिफ्टने मी कुठे जाणार? वर जायचं आणि परत खाली यायचं. मुलगा चांगला आहे. त्याला काही कळलं तर तो दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन दारात येईल आणि मला खाटेसकट उचलून नेईल. हे ध्यानात ठेवावं, म्हणजे पुढचं समजेल.

कलम २. पतपेढीत जे असेल त्यातून माझं दफन करावं. पेटी साधी, पण व्हायोलिनवाला बरा आणावा. आन्सेल्मोच्या वेळी आणलेला प्यायलेला होता. उरेल ते रेनेचं.

कलम ३. आन्सेल्मोची छाटणीची कात्री, कलम बांधायचा चाकू आणि पाठीवरचा फवारणी पंप शेजारी तेओदुलो याला. त्याने आमची लाकडी शिडी आन्सेल्मो गेला त्याच आठवड्यात नेली, ती अजून आणून दिली नाही. तीही त्याला दिली असं समजावं. म्हणजे निदान मी मेल्यावर तरी तो चोर राहणार नाही.

कलम ४. पुस्तकं गावच्या शाळेला. घरगुती औषधांचं एक, मधमाश्यांचं एक, नकाशांचं एक (दक्षिणेकडची पानं नाहीत), आणि सुट्या कादंबऱ्या. मी शाळेत गेलेली नाही. द्राक्षांच्या पेट्यांत तळाला वर्तमानपत्र घालायचो, त्यावरून वाचायला शिकले. त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं मला सगळ्या बातम्या अर्ध्याच कळायच्या. अर्धी बातमी एका पेटीत, अर्धी दुसरीत, आणि दुसरी तोवर बाजारात गेलेली. आन्सेल्मोला वाचता येत नव्हतं. दुपारी जेवण झालं की तो मोयेखाली टोपी तोंडावर ओढून पडायचा आणि मी मोठ्याने वाचायचे. तो झोपला असं समजून मी थांबले की टोपीखालून म्हणायचा, "मग? म्हाताऱ्यानं दार उघडलं का नाही?" अजूनही मी दुपारी मोठ्यानेच वाचते. टोपी खुंटीला आहे. टोपी कोणाला द्यायची ते ठरत नाही. माझ्याबरोबर पेटीत घालावी.

कलम ५. लोकरीची मोठी गोधडी रेनेच्या मुलीला.

कलम ५. लोकरीची गोधडी तेओदुलोच्या बायकोला, तिला सांधेदुखी आहे.

वकीलसाहेबांनी दाखवलं की पाचवं कलम दोनदा आलं आहे आणि गोधडी एकच आहे. ते म्हणाले, नवीन कागद घेऊ. मी म्हटलं, राहू द्या. मला ज्याची भीती वाटते ते यापेक्षा चांगलं मला लिहून दाखवता येणार नाही. गोधडी नातीला द्यावी. तेओदुलोकडे शिडी आहे.

कलम ६. आता ते लिहिते.

गेल्या हिवाळ्यापासून मला वाचताना काहीतरी होतं. ओळ वाचते, पुढच्या ओळीवर जाते, तोवर मागची निघून गेलेली असते. परत मागे येते. शब्द ओळखीचे असतात, पण बाजारात दिसलेल्या माणसांसारखे. चेहरा माहीत, नाव आठवत नाही. हे डोळ्यांचं आहे की डोक्याचं, मला कळत नाही. कधी वाटतं चष्मा बदलला की झालं. कधी चुलीपुढे उभी असते आणि चूल पेटवायला आले की विझवायला, ते समजत नाही. ते काही चष्म्याने व्हायचं नाही. मग दोन दिवस सगळं नीट असतं आणि मी स्वतःलाच मूर्ख म्हणते. वाचणं मी कोणी न शिकवता मिळवलं होतं. जायला निघालं तर तेच आधी निघालं, याचं मला नवल वाटतं. राग येत नाही. नवलच वाटतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. आन्सेल्मोला सांगितलं असतं.

कलम ७. टोपलीबद्दल. कार्निवलच्या आधीच्या गुरुवारी आमच्याकडे बायका एकमेकींना टोपल्या पाठवतात. पाव, पीच, भोपळा, तुळशीसारखा वास येणारा पाला, वर रंगीत फिती आणि फुगे. टोपली पाठवली आणि घेतली की त्या दोघी कोमाद्रे होतात, आणि ते नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड. हासिंता गालियान आणि मी लग्नाआधीपासून कोमाद्रे आहोत. दर वर्षी तिची टोपली सकाळी माझ्याकडे येते, माझी दुपारी तिच्याकडे जाते. यंदा तिची आली, मी ती टेबलावर माझ्या टोपलीशेजारी ठेवली. दुपारी एक उचलली आणि वाजतगाजत चाललेल्या बायकांबरोबर तिच्या अंगणात जाऊन तिच्या हातात दिली.

ती तिचीच होती. तिचेच पाव, तिच्याच निळ्या फिती, जशाच्या तशा. आणि आमच्याकडे आलेली टोपली न उघडता परत करणं म्हणजे काय, हे इथल्या पोरींनाही माहीत आहे. नातं संपलं, असं.

"घ्या!" हासिंता सगळ्यांपुढे म्हणाली. "माझंच मला! एक पाव तरी चाखायचास, कासिमिरा. विष नव्हतं घातलं."

तेव्हा बोलता आलं असतं. "अगं, चुकले, मला हल्ली समजत नाही," एवढंच. पण अंगणात चाळीस बायका, आणि त्यांतल्या अर्ध्या जणींची मुलं सांताक्रूझला, रेनेच्या ओळखीची. मी म्हणाले, "माझ्याकडे जागा नव्हती ठेवायला." कुठून ते वाक्य आलं, देव जाणे. मी घरी आले तर माझी टोपली टेबलावर, फुगे अजून फुगलेले.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

कलम ८. तांब्याची मोठी कढई, जिच्यात आम्ही दोघी दर वर्षी द्राक्षांचा पाक आटवायचो, ती मी पहिल्या मसुद्यात हासिंताच्या नावे लिहिली होती. वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"आणि साक्षीदार काय करतो?"

"मी सगळं मोठ्याने वाचतो. तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकतो, मग सही करतो."

तेव्हा मी कढई खोडली आणि हासिंताच्या दारी गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"काय हवंय?"

"साक्षीदार."

"का, कोणाचा खून केलास?"

"मृत्युपत्राला."

"मला सही येत नाही. अंगठा आहे, तोही कापलाय."

"दुसऱ्या हाताचा चालेल."

"आणि मला काय ठेवलंयस त्यात?"

"काही नाही."

"वा गं वा! टोपली परत, वर काही नाही, आणि वाट तुडवत यायचं मी!" तिने दार लोटलं. मी पायरी उतरले, तेवढ्यात आतून आवाज आला. "कधी?"

म्हणून, हासिंता, तुला काहीच नाही. तू ऐकावंस म्हणून. वकीलसाहेब वाचताहेत तोवर मध्ये बोलू नकोस. तुझ्या पावांत काही खोट नव्हती. मला कोणती टोपली कोणाची, तेच कळलं नव्हतं. मी घाबरलेली आहे.

वाचन झाल्यावर वाढवलेला मजकूर

हे मी वकीलसाहेबांच्या टेबलावर लिहिते आहे. साक्षीदारांपैकी तोमासा रडते आहे. हासिंता मध्ये बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "बये, मला वाटलं माझ्या पावांना हात लावायचीही तुला शिसारी आली. तेव्हापासून मी भट्टी पेटवली नाही."

मग विचारलं, "डोळे की डोकं?"

"माहीत नाही."

"मग मलाही नाही. सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. तोमासाचा जावई गाडी काढील, त्याला काय काम आहे! आणि दुपारी मी येत जाईन. तू वाच. मागची ओळ मी धरून ठेवते. मला कुठे वाचायचंय? मला नुसती ओळच तर धरायची."

"रेने?"

"रेनेला तू सांग. मी बाजूला बसेन. ट्रक आणलाच, तर समोर आडवी पडेन. मी जड आहे."

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." हासिंता म्हणाली, "मग कढईचं बोला. मेल्यावर मला काही चालत नाही, कळलं. आज दिलेलं चालतं का?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, चालतं.

म्हणून कलम ८ मधली कढई या मृत्युपत्रात धरू नये. ती आज संध्याकाळपासून माझ्या मालकीची नाही. हासिंता ती डोक्यावर घेऊन जाणार आहे, आणि मी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाणार आहे. परत येताना वाट चुकलीस तर दिसेल त्या दारात बसून राहा, मी शोधत येते, असं तिने बजावलं आहे.

मृत्युपत्र करणारी: कासिमिरा तेहेरिना (सही)

साक्षीदार: तोमासा बाल्दिविएसो (सही)
साक्षीदार: हासिंता गालियान (डाव्या हाताचा अंगठा, उजवा कापलेला आहे)

माझ्यासमोर: एव्हारिस्तो सोरुको, वकील

सान लोरेन्सो, गुरुवार, १९ मे २०११